नमुना क्रमांक १७



या अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी तुमच्यापैकी अनेक जण आपल्या परिसरातील एखाद्या बोलीचे ध्वनिमुद्रण करतील. मागील घटकांत तुम्ही स्वनिम, बोलीभेद आणि भाषासंपर्क या संकल्पनांचा अभ्यास केला आहे. निवेदक कसा निवडावा, प्रश्नावली कशी तयार करावी, ऐकलेले बोलणे कसे उतरवून घ्यावे, हेही पाहिले आहे. माझ्या संशोधनाच्या आरंभी हे सारे मलाही शिकवण्यात आले होते. जे शिकवले गेले नाही ते मला नारपोलीतील एका बाईंकडून शिकावे लागले, आणि त्या शिकण्याची किंमत माझ्याऐवजी त्यांना मोजावी लागली. ती हकीकत तुम्ही क्षेत्रकार्याला बाहेर पडण्यापूर्वी वाचावी, म्हणून हा लेख.

माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात सोळाव्या नमुन्यानंतर एकदम अठरावा नमुना येतो. खाली बारीक अक्षरांत तळटीप आहे : ‘नमुना क्रमांक १७ तांत्रिक कारणास्तव वगळला आहे.’ परीक्षकांनी त्याविषयी विचारले नाही. ध्वनिफीत ऐकू येण्याजोगी नसेल किंवा मुद्रणात काही दोष राहिला असेल, असे त्यांनी गृहीत धरले असावे. ते विधान खोटे होते. माझ्या सर्व ध्वनिफितींत ती फीत सर्वांत स्वच्छ होती आणि भाषाभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची होती. ती वगळण्याचे कारण तांत्रिक नव्हते. ते कारण प्रबंधात लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील शहर यंत्रमागासाठी प्रसिद्ध आहे. नारपोली हे त्याच्या कडेचे मूळचे गाव, आता शहरात पुरते मिसळून गेलेले. तेथे आगरी बोलणारी जुनी कुटुंबे आहेत, तेलंगणातून आलेली तेलुगूभाषक विणकर कुटुंबे आहेत, आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले उर्दू, अवधी, भोजपुरी बोलणारे कामगारही आहेत. एकाच गल्लीत चार-पाच मातृभाषा नांदत असताना त्यांच्या तोंडी मराठीचे जे रूप तयार होते, तो माझ्या प्रबंधाचा विषय होता. १९९७ साली पावसाळा संपल्यावर मी तेथे जाऊ लागले. माग सुरू असताना त्या वस्तीत ध्वनिमुद्रण करणे अशक्यच. धोट्याच्या आवाजात माणसे एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. म्हणून ज्या दिवशी माग बंद असत, त्या दिवशी खांद्याला टेपरेकॉर्डर लावून मी एसटीने भिवंडीला उतरत असे.

सतरावा नमुना ज्यांचा होता त्यांना मी मावशी म्हणत असे. त्या तेव्हा पन्नाशीच्या आसपास होत्या. कापडावरचे सुटे धागे कापण्याचे काम त्या घरी आणून करीत आणि नगावर मजुरी मिळवीत. मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल उसळली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. त्या दंगलीत त्यांचे शहराच्या दुसऱ्या भागातील घर गेले होते. त्यानंतर हे कुटुंब नारपोलीच्या एका चाळीत आले आणि तेथेच राहिले. मावशींचा धर्म कोणता, मातृभाषा कोणती, चाळ कोणत्या गल्लीतली, हे मी सांगणार नाही. भाषाविज्ञानाच्या लेखात निवेदकाची मातृभाषा न सांगणे विचित्र वाटेल. ती का सांगत नाही, हे पुढे कळेल.

‘मावशी’ या संबोधनाकडे मात्र आताच लक्ष द्या. आपल्याकडे परक्या घरात पाऊल ठेवले की आपण लगेच नाते जोडतो. वयाने मोठी स्त्री मावशी किंवा काकू होते, पुरुष काका किंवा दादा होतो. हा शिष्टाचार आहे, त्यात खोटे काही नाही. परंतु नाते जोडले की त्याबरोबर कर्तव्येही येतात. मावशी म्हणून हाक मारणाऱ्या मुलीला चहा दिल्याशिवाय पाठवता येत नाही, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाला ‘सांगणार नाही’ असे उत्तरही देता येत नाही. मी त्या शब्दाने दोन मिनिटांत मिळवलेला अधिकार खऱ्या भाचीला मिळायला काही वर्षे लागली असती. हे मला तेव्हा समजले नव्हते. ‘निवेदकाशी जवळीक साधावी’ या पुस्तकातील सूचनेचे मी यशस्वी पालन केले, एवढेच मला वाटले होते.

आता तो प्रश्न. विल्यम लबोव्ह या अमेरिकन भाषावैज्ञानिकाचे नाव तुम्ही समाजभाषाविज्ञानाच्या घटकात वाचले आहे. न्यूयॉर्क शहरातील इंग्रजीचा त्यांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस सहज बोलत असताना कसा बोलतो हे संशोधकाला ऐकायचे असते, पण संशोधक समोर बसला की माणूस सहज बोलत नाही. या अडचणीला लबोव्ह यांनी निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले. त्यावर त्यांनी वापरलेल्या उपायांपैकी एक प्रश्न पुढे फार प्रसिद्ध झाला. आता आपण मरणार असे वाटावे, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता का, असे ते निवेदकाला विचारीत. उत्तर होकारार्थी आले की निवेदक ती हकीकत सांगण्यात गुंतून जातो, आपल्या भाषेवरचे लक्ष सोडतो आणि त्याची रोजची बोली बाहेर पडते. पद्धत म्हणून हा प्रश्न अचूक आहे. ज्या माणसाने मरण दुरून पाहिले आणि नंतर ते विसरून संसार केला, त्याच्यासाठी तो निरुपद्रवीही असेल.

मी तो प्रश्न नारपोलीत विचारला. दंगल होऊन तेरा वर्षे झाली होती. त्या चाळीत ती कोणाच्या वाट्याला आली होती हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही, कारण ते मला ठाऊक होते. म्हणूनच तर मी मावशींची निवड केली होती.

मावशींच्या हातातील कात्री थांबली. थोड्या वेळाने त्यांनी ती खाली ठेवली आणि त्या बोलू लागल्या. फितीची एक बाजू संपली, मी ती उलटली, आणि त्या पुन्हा बोलू लागल्या. दाराशी त्यांची सून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होते की हे सारे ती पहिल्यांदाच ऐकत आहे. मावशी घराविषयी बोलल्या आणि रस्त्याविषयी बोलल्या. ज्या शेजाऱ्याने त्यांची मुले आपल्या घरात लपवली, त्याचेही नाव त्यांनी घेतले. तो शेजारी दुसऱ्या समाजाचा होता.

त्या वेळी माझ्या मनात काय चालले होते, ते तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायला हवे. मला आनंद झाला होता. ज्या क्रियारूपांसाठी मी दोन महिने वणवण केली, ती या बोलण्यात एकामागून एक येत होती. भावना अनावर झाल्या की मावशी मराठी सोडून मातृभाषेत जात आणि पुन्हा मराठीत येत. भाषा नेमकी कोणत्या ठिकाणी बदलते, हे मी वहीच्या कडेला टिपत होते. एक बाई आपले उद्ध्वस्त घर सांगत होती आणि मी तिच्या वाक्यांतील सांधे मोजत होते.

आपल्या विद्याशाखेची ही सवय जुनी आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले, आणि मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यात बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर घेतले जाई. सरकारी अधिकाऱ्यांमार्फत हे नमुने गोळा होत. दूर देशी गेलेला मुलगा अखेर बापाच्या घरी परततो, अशी ती कथा आहे. शेकडो बोलींत ती नोंदली गेली. पण ती ज्यांच्या तोंडून ऐकली, त्यांच्याविषयी त्या पानांवर आपल्याला फारसे काही कळत नाही. त्या सर्वेक्षणाचे आपल्यावर मोठे ऋण आहे. तरीही माणसाला ‘नमुना’ म्हणण्याची रीत आपण तेथूनच घेतली, आणि ती मला इतकी अंगवळणी पडली होती की मावशींचे नाव बदलून मी त्यांना सरळ एक क्रमांक दिला.

पुढच्या खेपेला मावशींचा मुलगा मला गल्लीच्या तोंडाशीच भेटला. तो अदबीने बोलला. आईला त्या दिवसापासून नीट झोप नाही, असे त्याने सांगितले. मग त्याने विचारले, “मॅडम, नुकसानभरपाईचे कागद पुन्हा उघडणार आहेत का?” मी विद्यापीठातून आले आहे असे पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांनी त्याचा अर्थ सरकारकडून आले आहे, असा घेतला होता. मी अभ्यासासाठी बोलणे टिपते असे म्हटले होते. त्यांनी ते जबानी म्हणून ऐकले होते. मावशींनी मला ती हकीकत का सांगितली, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. मी फार जवळची झाले होते म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. तेरा वर्षांनी कोणीतरी अधिकृतपणे विचारायला आले, असे त्यांना वाटले होते.

येथे थोडे थांबून विचार करा. मे १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे दंगली झाल्या, तेव्हा न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने त्यांची चौकशी केली. आयोगापुढे बोलणाऱ्या साक्षीदाराला आपण कोणापुढे आणि कशासाठी बोलत आहोत, हे माहीत असते. त्याचे म्हणणे नोंदले जाते, त्याची उलटतपासणी होऊ शकते, आणि अखेर एक अहवाल तयार होतो. संशोधकापुढे बोलणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. तो तेवढेच मोठे दुःख सांगतो, पण त्यातून न्याय निघणार नसतो, भरपाई मिळणार नसते. जे निघते ते बहुधा संशोधकाचे पद असते. हे त्याला आधी, त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलेले नसेल, तर त्याने दिलेल्या होकाराला संमती म्हणता येणार नाही.

एवढ्यावर मी थांबायला हवे होते. मी थांबले नाही. काही महिन्यांनी मुंबईतील एका चर्चासत्रात मी निबंध वाचला आणि भाषाबदलाचे उदाहरण म्हणून त्या फितीतील जेमतेम एक मिनिटाचा भाग ऐकवला. शेजाऱ्याचे नाव मी काढून टाकले होते, गावाचा उल्लेख टाळला होता, मावशींना क्रमांक दिला होता. गोपनीयतेचे सर्व नियम मी पाळले, अशी माझी खात्री होती. चहाच्या वेळी श्रोत्यांतील एक तरुण माझ्याकडे आला आणि हसून म्हणाला, “हा आवाज आमच्या भिवंडीतला आहे. मी यांना ओळखतो.”

नाव झाकता येते, पण आवाज झाकता येत नाही. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तर हे सर्वांआधी समजायला हवे. माणसाच्या बोलण्यात त्याचे गाव, वय, जात, शिक्षण, स्थलांतर यांच्या खुणा असतात, याच गृहीतावर आपले शास्त्र उभे आहे. ज्या खुणांमुळे एखादा नमुना आपल्याला मोलाचा वाटतो, नेमक्या त्याच खुणांवरून ओळखीचा माणूस त्याला ओळखतो. त्या तरुणाच्या मनात काहीही वाईट नव्हते. त्याने ही गोष्ट कौतुकाने घरी सांगितली, घरच्यांनी आणखी कोणाला सांगितली, आणि ती फिरत फिरत त्या शेजाऱ्याच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचली.

एखाद्याने जीव वाचवल्याची गोष्ट उघड झाली तर त्यात वाईट काय, असे तुम्हाला वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. पण त्या माणसाने ते काम आपल्याच लोकांपासून लपवून केले होते, आणि त्याच्या घरात त्याविषयी सर्वांचे एकमत नव्हते. दोन्ही कुटुंबे तेरा वर्षे सणावाराला गुपचूप एकमेकांकडे जात होती. त्या वर्षी कोणी आले नाही. यापेक्षा मोठे काही घडले नाही, कोणाला इजा झाली नाही. परंतु दंगलीतूनही जे नाते शिल्लक राहिले होते, ते माझ्या एका मिनिटाच्या उदाहरणाने तोडले.

मी नारपोलीला जाऊन हे सर्व मावशींना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मी तुला सांगितलं होतं, बाई. सगळ्यांना नव्हतं सांगितलं.” मग त्यांनी ती कॅसेट मागितली. मी ती दिली. पुढच्या वेळी लिप्यंतराची पाने आणि त्या दिवसाच्या टिपणांची पानेही नेऊन दिली. माझ्या वरिष्ठांपैकी एकांना हे पटले नाही. जमवलेली सामग्री जपणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य आहे. पण मला प्रश्न पडला होता, ती सामग्री कोणाची? फीत मी विकत घेतली होती, यंत्र माझे होते. बोलणे माझे नव्हते. मग मी तळटीप लिहिली, आणि तीत ‘तांत्रिक’ हा शब्द घातला.

या लेखात मी मावशींना अजून कोणत्याही वर्गवारीत घातलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. शरणार्थी, निर्वासित, विस्थापित हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. आंतरराष्ट्रीय कायद्यात मात्र त्यांत फरक आहे. १९५१ च्या करारानुसार छळाच्या भीतीने आपला देश सोडून बाहेर पडलेला माणूस शरणार्थी ठरतो. त्या करारावर भारताची सही नाही, आणि आपल्याकडे शरणार्थींसाठी स्वतंत्र कायदाही नाही. जो देशाच्या हद्दीतच घरातून उखडला गेला, तो अंतर्गत विस्थापित. त्याच्याविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे १९९८ मध्ये आली. मावशी या दुसऱ्या वर्गात बसतात. त्या स्वतः मात्र एवढेच म्हणत, “आम्ही तिकडचे.” शहर एक, पिनकोडही कदाचित एकच, आणि तरीही ‘तिकडचे’. कायद्याला जे दाखवता आले नसते, ते अंतर त्या दर्शक शब्दात होते.

माणसाला आपण कोणता शब्द लावतो, हा नीतीचा पहिला प्रश्न आहे, हे मला पुढे उल्हासनगरने शिकवले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावण्यांत उतरवली गेली, आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. प्रबंध झाल्यावर काही वर्षांनी मी तेथील सिंधी-मराठी संपर्कावर काम करायचे ठरवले, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी आधी अट घातली. जे लिहाल ते छापण्यापूर्वी मला वाचून दाखवायचे. मी वाचून दाखवले. पहिल्याच परिच्छेदात ‘निर्वासित’ हा शब्द आला आणि त्यांनी हात वर केला. आम्हाला कोणी शरणार्थी म्हटले की आमचे वडील ‘पुरुषार्थी’ म्हणा असे सांगत, ते म्हणाले. फाळणीनंतर आलेल्या अनेक सिंधी आणि पंजाबी कुटुंबांनी हा शब्द आग्रहाने वापरला होता. सिंधी भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये समावेश झाला, तो दिवसही त्यांना लख्ख आठवत होता. भूमी गेलेल्या समाजाला भाषेची मान्यता म्हणजे काय असते, हे मला कोणत्याही प्रश्नावलीतून कळले नसते. त्यांनी माझ्या मसुद्यातील दोन चुका दुरुस्त केल्या आणि एक आठवण काढून टाकायला सांगितली. माझा लेख त्यामुळे थोडा लहान झाला आणि बराच अचूक झाला.

संशोधनातील नीतीविषयी आज पुष्कळ नियम आहेत. दुसऱ्या महायुद्धातील वैद्यकीय अत्याचारांनंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली, आणि तिने स्वेच्छेने दिलेल्या संमतीला पहिले स्थान दिले. १९७९ च्या बेल्माँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. आपल्याकडे मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० मध्ये आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आपली सविस्तर तत्त्वे २०१७ मध्ये नव्याने मांडली. हे सर्व तुम्ही अवश्य वाचा. पण त्यातून तयार होणाऱ्या संमतिपत्राकडे विस्थापित माणसाच्या नजरेनेही पाहा. ज्याने पंचनाम्यावर, भरपाईच्या अर्जावर, शिधापत्रिकेच्या अर्जावर सह्या केल्या आणि त्या सह्यांचे पुढे काय झाले ते त्याला कधी कळले नाही, त्याच्यापुढे तुम्ही आणखी एक कागद ठेवत असता. तुम्हाला तो कागद त्याच्या संरक्षणासाठी आहे असे वाटते. त्याला तो तुमच्या संरक्षणासाठी आहे असे वाटू शकते, आणि कधीकधी त्याचेच खरे असते.

या ठिकाणी भाषेच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट इतरांपेक्षा अधिक चांगली करता येते. संमतिपत्र असे गृहीत धरते की ज्याला नको असेल तो ‘नाही’ म्हणेल. आपल्या समाजात घरी आलेल्या माणसाला, त्यातही शिकलेल्या माणसाला, कोण तोंडावर नाही म्हणतो? नकार वेगळ्या रूपांत येतो. ‘बघू’, ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘घरचे बाहेर गेलेत’, ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’. कधी तो केवळ एका लांबलेल्या विरामातून येतो. मी पुन्हा आठवू लागले, तेव्हा मला मावशींचा नकार सापडला. मी प्रश्न विचारल्यावर त्या प्रथम म्हणाल्या होत्या, “जुन्या गोष्टी, बाई, तू चहा घे.” ते वाक्य फितीवर होते. लिप्यंतर करताना मी ते विषयांतर म्हणून सोडून दिले होते. वाक्याचा शब्दार्थ आणि त्यातून साधली जाणारी कृती यांतील फरक तुम्ही अर्थविचाराच्या घटकात शिकला आहात. तो फरक परीक्षेपुरता ठेवू नका. मुलाखतीच्या आधी, मुलाखत सुरू असताना आणि ती संपल्यावरही समोरच्याचा नकार ऐकत राहा. संमती एकदा घेऊन फाइलमध्ये लावून ठेवता येत नाही.

परतफेडीचा प्रश्नही उरतो. ज्या लबोव्ह यांच्या प्रश्नाने मी चुकले, त्यांनीच पुढे याविषयी स्पष्ट भूमिका घेतली, हे सांगायला हवे. १९७९ मध्ये अ‍ॅन आर्बर येथील न्यायालयात कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीविषयीचा खटला चालला. तेथे त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. ज्या समाजाकडून आपण भाषिक सामग्री घेतली, त्याला गरज पडेल तेव्हा त्या ज्ञानाचा उपयोग करून देणे हे आपल्यावरचे ऋण आहे, असे त्यांनी १९८२ मध्ये मांडले. हे ऋण कसे फेडायचे, याचे ठरावीक उत्तर नाही. मावशींचे दोन तास म्हणजे त्यांची नगावरची मजुरी होती. ती भरून द्यावी हे मला तेव्हा सुचलेही नव्हते. पुढे मी त्या चाळीतील लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले आणि आलेली सरकारी पत्रे वाचून दाखवू लागले. मात्र तेथेही सावध राहावे लागते. अर्ज लिहून देणाऱ्या बाईला मुलाखत नाकारणे आणखी अवघड होते. म्हणून नारपोलीत अर्ज लिहायला लागल्यानंतर मी तेथे पुन्हा कधी ध्वनिमुद्रण केले नाही.

मी खांद्यावर यंत्र घेऊन जात होते. तुमच्या खिशात मोबाइल आहे. माझी फीत एका खोलीत, चाळीसेक लोकांपुढे वाजली, तरी तिने एवढे घडवले. तुमचे मुद्रण एका बोटाच्या स्पर्शाने शेकडो लोकांकडे जाऊ शकते आणि परत मागता येत नाही. म्हणून मुद्रण गटात पाठवू नका. प्रकल्पाच्या वहीत जेथे लिखित नमुना पुरेसा आहे, तेथे आवाज जोडू नका. ज्यांनी घर गमावले आहे, त्यांना ते कसे गमावले हे विचारल्याशिवाय तुमचा अभ्यास होत असेल, तर विचारू नका. सण, स्वयंपाक, मागाचे काम, लेकरांची नावे यांवरही माणसे भरभरून आणि सहज बोलतात, हे मला नंतरच्या नमुन्यांत दिसले. कोणी आपणहून ती हकीकत सांगू लागले तर ऐका, आणि यंत्र बंद करावे का ते विचारा.

मग आज मीच मावशींविषयी का लिहिले, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पडायलाच हवा. मावशी आता नाहीत. हा मसुदा घेऊन मी नारपोलीला गेले. गल्लीतील काही मागांच्या जागी आता गोदामे आहेत. त्या दिवशी दाराशी उभी राहून सारे ऐकणारी सून आता स्वतः सासू झाली आहे. तिला मी हा लेख पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. तिने दोन वाक्ये काढायला सांगितली. ती येथे नाहीत. दुसऱ्या कुटुंबाविषयी जेवढे आले आहे, त्यापेक्षा अधिक लिहू नये असेही ती म्हणाली. कॅसेट कोठे आहे, हे मी विचारले नाही.

तुमच्या प्रकल्पातही कदाचित एखादा क्रमांक गाळावा लागेल. गाळा. गुण थोडे कमी पडतील, पण वही अपुरी राहिल्याने भाषेचे काही नुकसान होणार नाही. फक्त तळटीप लिहिताना ‘तांत्रिक कारणास्तव’ असे लिहू नका. ‘निवेदकाच्या इच्छेनुसार’ असे लिहा. माझ्या प्रबंधात जेथे तो शब्द आहे, तेथे तुम्हीही हेच वाचावे, अशी माझी विनंती आहे.